खारीला खोली हवी आहे

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही घणसोलीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेमध्ये. मुलगा सहावीत आहे. वाढदिवसाला मामाने त्याला हॅमस्टर आणून दिला. सोनेरी रंगाची मादी आहे, मुलाने नाव ठेवलं खारी. पहिला महिना छान गेला. आता रात्री अकरा वाजले की ती पिंजऱ्याचे गज चावायला लागते, ते पहाटे चारपर्यंत. दर तीन-चार दिवसांनी एखादी रात्र तर फारच वाईट जाते. मिस्टरांना पहाटेची लोकल गाठायची असते, म्हणून ते उठून तिला सूर्यफुलाच्या दोन बिया देतात, की दहा मिनिटं शांतता. तिच्या नाकाच्या शेंड्यावरचे केस गेले आहेत. गेल्या महिन्यात ती दोनदा पळाली, सरकतं दार वर उचलून. एकदा फ्रीजमागे सापडली, दुसऱ्यांदा दोन दिवसांनी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनखाली. त्याच आठवड्यात सोसायटीने जिन्यात उंदरांसाठी चिकट पुठ्ठे लावले होते. माझा जीव टांगणीला लागला होता. पिंजरा दीड फूट लांब, एक फूट रुंद आहे, चाक त्याच्यासोबतच आलं. दर रविवारी मी सगळा पिंजरा फिनेलने धुते. दुकानदार म्हणतो, दात वाढतात म्हणून चावते, लाकडाचा तुकडा द्या. दिला, ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सासूबाई म्हणतात, एकटी आहे बिचारी, जोडीदार आणा. काय करू?
— एक आई, घणसोली

उत्तर : ताई, नाकाच्या शेंड्याचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण तसं नाक मी पाहिलेलं आहे. २००९ साली माझ्या वर्गातल्या एका मुलीचं बिऱ्हाड पुण्याला हललं आणि तिचा हॅमस्टर नौपाड्यात माझ्याकडे आला. सोनू त्याचं नाव. तोही रात्रभर गज चावायचा. मी विज्ञान शिकवत होते. कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, हे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. त्यामुळे मलाही तुमच्या दुकानदारासारखंच वाटलं की दात शिवशिवत असतील, चावू दे. पुढे आवाज सहन होईना तेव्हा गजांना कडुनिंबाचं तेल चोपडलं. दोन रात्री तो थांबला. तिसऱ्या रात्री तेल लागलेलेच गज चावायला लागला. नाक सोललं आणि महिन्याभरात वरचा एक दात तिरका तुटला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दात वाढतात हे खरं आहे. पण वरचे-खालचे दात एकमेकांवर घासून हॅमस्टर ते स्वतःच झिजवतो, कडक दाणे फोडतानाही ते झिजतात. लोखंडाची त्याला गरज नसते. खारी लाकडाच्या तुकड्याकडे बघत नाही, कारण तिला काही चावायचं नाहीये. तिला बाहेर पडायचंय. आज रात्री लांबून पाहा, बहुतेक ती दाराजवळचे नाहीतर कोपऱ्यातले तेच ते गज धरत असेल. तुम्ही पत्रात दोन तक्रारी लिहिल्या आहेत, चावण्याची आणि पळण्याची. माझ्या लेखी ती एकच गोष्ट आहे.

खारीचं माहेर कुठलं, ते मुलाला जरूर सांगा. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी सीरियात अलेप्पोजवळ गेले आणि गव्हाच्या शेतातलं एक बीळ खणून त्यांनी एक मादी आणि तिची ११ पिल्लं बाहेर काढली. आज जगभर घरोघरी जे सोनेरी हॅमस्टर आहेत, ते जवळजवळ सगळे त्या एका कुटुंबाचे वंशज. त्या पिल्लांपैकी काही तर लाकडी तळाचा पिंजरा कुरतडून पळूनही गेली होती! कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षं राहतोय, ह्यांना शंभर वर्षंही झालेली नाहीत. अलेप्पोच्या शेतांत पुढे रानातल्या हॅमस्टरांची बिळं मोजली, ती सरासरी ६५ सेंटिमीटर खोल निघाली, काही तर मीटरभर. असा जीव खणतो, दाणे गोळा करतो, मैलोन्‌मैल धावतो. तुमच्या पिंजऱ्यात तळाला किती भुसा आहे? दोन बोटं असेल. दुकानातून देतात तेवढाच असतो.

आपल्याकडे खोली म्हणजे राहायची जागा आणि खोली म्हणजे खणलेल्या खड्ड्याची खोली. खारीला दोन्ही हव्यात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात सोनेरी हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर भुशात ठेवून पाहिलं. १० सेंटिमीटरवाले सगळ्यात जास्त गज चावत, ८० सेंटिमीटर भुशात राहणाऱ्यांनी ते केलंच नाही. दुसऱ्या एका अभ्यासात पिंजऱ्याच्या आकाराचंही तेच दिसलं. लहान पिंजऱ्यात चावणं जास्त होतं, मोठ्या पिंजऱ्यात कमी. हे मला २००९ मध्ये माहीत असतं, तर तेलाची बाटली मी उघडलीच नसती.

तेव्हा खर्च कुलपांवर करू नका, जागेवर करा. निदान १०० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ५० उंच. माशांच्या टाक्या बनवणारे मापाप्रमाणे काचेची पेटी करून देतात. पाणी भरायचं नसल्यामुळे गळकी, जुनी टाकीही चालते, आणि ती बरीच स्वस्त पडते. चार बाय दोन बाय दोन फुटांची, ६ मिलिमीटर काचेची टाकी रिकामीच चाळीस किलोच्या वर भरते. म्हणून ती कुठे ठेवायची ते आणण्याआधी ठरवा आणि उचलायला दोघं हाताशी ठेवा. वन बीएचकेमध्ये एवढी जागा कुठून आणायची, हे तुमच्या मनात येणारच. मुलाच्या पलंगाच्या पायथ्याशी बसते का पाहा. माझ्या ओळखीच्या एका घरी टीव्हीखालचं शोकेस काढून तिथे पेटी ठेवली आहे आणि आता घरातले सगळे टीव्हीपेक्षा पेटीकडेच जास्त बघतात. जुनं लाकडी शोकेस आडवं पाडूनही पेटी होते. मात्र आतल्या कडांना सुताराकडून पत्र्याची पट्टी मारून घ्या. अलेप्पोची पिल्लं लाकडातूनच निसटली होती. वर झाकण लाकडी चौकटीचं, लोखंडी जाळीचं असू द्या, बंद काच नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये काचेची पेटी खिडकीत ठेवली तर तासाभरात भट्टी होते. २० ते २४ अंश तिला मानवतात, तिशीच्या पुढे जीव घाबरा होतो. खोल भुसा तळाशी गार राहतो, शिवाय मातीची एक छोटी कुंडी आत आडवी ठेवा. दुपारी ती तिथेच सापडेल.

आता भुसा. इथे चूक होते म्हणून नीट वाचा. फर्निचरच्या कामावरून सुताराचा भुसा आणू नका. त्यात प्लाय आणि एमडीएफची धूळ असते, डिंक असतो. सागाचा आणि देवदाराचाही नको. दुकानात मिळणारा कागदी भुसा सगळ्यात चांगला. तो महाग वाटला तर त्यात बिनछपाईच्या खोक्यांच्या पट्ट्या आणि सशांसाठी मिळणारं वाळलं गवत मिसळा. थर भुशाचा, थर गवताचा, आणि प्रत्येक थर तळहाताने दाबायचा. नुसता मोकळा ओतला तर बोगदा ढासळतो आणि ती खणायचं सोडून देते. एका बाजूला ४० सेंटिमीटर भरा, दुसऱ्या बाजूला कमी, तिथे चाक आणि पाणी. घरट्यासाठी कापूस मात्र देऊ नका, दुकानात ‘हॅमस्टरचा कापूस’ म्हणून विकतात तोही नाही. तो पायात गुंततो, पोटात अडकतो. साधा पांढरा टिश्यू पेपर फाडून द्या, ती स्वतः आत नेईल. करवंटी द्या, कडा घासून गुळगुळीत केलेली. पेरूची वाळलेली फांदी द्या, औषध न मारलेल्या झाडाची. पेटीत गज नसले की ही फांदी ती आवडीने सोलते.

पिंजऱ्यासोबत आलेलं चाक काढून टाका. त्यावर धावताना तिची पाठ धनुष्यासारखी वाकत असणार. सोनेरी हॅमस्टरला साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक लागतं. दांड्यांचं किंवा जाळीचं नको, त्यात पाय सापडतो. धावताना पाठ सरळ राहिली की माप बरोबर.

दर तीन-चार दिवसांनी जास्त होतं, असं तुम्ही लिहिलंत. फार बारीक पाहिलंत. सोनेरी हॅमस्टरची मादी दर चौथ्या रात्री माजावर येते आणि त्या रात्री ती हिंडायलाच बघते. तेवढी रात्र अस्वस्थ जाईल, त्यावर इलाज करायची गरज नाही. कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या संध्याकाळी तिला जास्त वेळ बाहेर फिरवा. बाथरूम कोरडं करा, न्हाणीच्या जाळीवर स्टीलचं ताट उपडं घाला, दार लावा आणि मुलाला तिच्यासोबत जमिनीवर बसू द्या.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि रात्रीच्या बिया आजपासून बंद, हेही सांगा. झोपमोड झालेल्या माणसाने ते केलं तर नवल नाही. पण गज चावला की बी मिळते, हे खारीला पक्कं कळलंय. त्याऐवजी झोपायच्या आधी ज्वारी-बाजरीचे मूठभर दाणे आणि त्या दोन बिया भुशात पसरून द्या, थोड्या पुरूनच ठेवा. वाटी नको. बाजरीचं आख्खं कणीस मिळालं तर उभं रोवा. ते खाली पाडून, दाणे गालात भरून, घरट्यात नेऊन ठेवण्यात तिची अर्धी रात्र जाते.

फिनेल लगेच थांबवा. त्या वासाने तिच्या श्वासाला त्रास होतो, आणि दर रविवारी तिचा स्वतःचा वास पुसला गेला की आपलं घर आपलं राहिलं नाही असं वाटून ती आणखी बाहेर पळू बघते. ती लघवीला बहुतेक एकाच कोपऱ्यात जाते. तिथे पसरट भांड्यात वाळू ठेवा, नदीची, चाळून, धुऊन, कढईत भाजून गार केलेली. रोज तेवढीच वाळू बदला. भुसा सगळा कधीच काढायचा नाही. ओला, बुरसटलेला भाग काढायचा, बाकी तसाच. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने तळाशी बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा कोपऱ्यात हात घालून पाहा. नव्या पेटीत हलवताना जुनं घरटं, साठवलेल्या दाण्यांसकट, उचलून आत ठेवा.

सासूबाईंची माया समजते. पण जोडीदार आणू नका. सोनेरी हॅमस्टर एकटाच राहणारा प्राणी आहे. मोठे झालेले दोन एका पेटीत ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात, एखादा मरतोही. आणि नर आणलात तर १६ दिवसांत पिल्लं होतील.

पेटी येईपर्यंत सरकत्या दाराला वर आणि बाजूला स्टेशनरीतल्या काळ्या बाइंडर क्लिपा लावा, त्या तिला उघडता येत नाहीत. तरी पळालीच तर आधी बाल्कनीचं दार लावा, न्हाणी आणि मोरीच्या जाळ्या झाका, वॉशिंग मशीन लावू नका. सोसायटीच्या वॉचमनला सांगून जिन्यातले पुठ्ठे त्या रात्रीपुरते उचलून घ्या. मग प्रत्येक खोलीत भिंतीलगत मोजून दहा-दहा बिया ठेवा आणि उंबऱ्यावर पिठाची बारीक रेघ ओढा. पीठच हवं, रांगोळी नको, ती पाय चाटताना पोटात जाते. सकाळी कुठल्या खोलीतल्या बिया गेल्या आणि पावलं कुठल्या बाजूला गेली, ते दिसतं. त्या खोलीत खोल बादली ठेवा, तळाशी तिच्या घरट्यातला भुसा आणि काकडीचा तुकडा, बाहेरून पुस्तकांच्या पायऱ्या. ती चढते, आत उतरते, गुळगुळीत बादलीतून वर येता येत नाही. माझा सोनू असाच सापडला, चौथ्या रात्री. तोपर्यंत त्याने दिवाणाच्या आत आईच्या गोधडीचा कोपरा कातरून घरटं केलं होतं आणि शेजारी हरभऱ्याचे ४१ दाणे रचून ठेवले होते. मी ते मोजले. एवढ्याशा जीवाने चार रात्रींत स्वयंपाकघरातून दिवाणापर्यंत केलेलं ते काम पाहून मी खालीच बसले. माझ्या पिंजऱ्यात त्याला हे काहीच करता येत नव्हतं. त्या महिन्यात मी पेटी केली.

सोनूचं चावणं पेटीत गेल्यावर संपलं, पण पहिले दोन-तीन आठवडे तो काचेचा कोपरा खरवडत राहिला. खारीही करेल. सवय जुनी झालेली असली तर ती हळूहळू सुटते, काहींची थोडी उरतेही. धीर धरा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करून मुलाला वहीत लिहायला सांगा. वजन उतरायला लागलं, तोंडाशी ओलं दिसलं, दाणे उचलून खाली टाकायला लागली किंवा नाकावर खपलीच्या जागी जखम झाली, तर थांबू नका. लहान प्राणी तपासणारे डॉक्टर आहेत का, हे आधी फोनवर विचारून मगच न्या. तिचे दात पिवळे-केशरी दिसतील, तो त्यांचा खरा रंग आहे, त्याला घाबरू नका.

प्रश्न : आमच्याकडे दोन बुटके हॅमस्टर आहेत, अंगठ्याएवढे. दार बंद असूनही सकाळी एक बाहेर असतो. पिंजरा मोठाच घेतला आहे, मग कुठून निघतात?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : गजांमधून. मोठे पिंजरे बहुधा सोनेरी हॅमस्टर किंवा गिनीपिग यांच्यासाठी केलेले असतात, गजांत एक सेंटिमीटर किंवा जास्त फट असते. बुटक्या हॅमस्टरचं डोकं गेलं की अंगही जातं. फट पट्टीने मोजा. ७ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाहेरून बारीक लोखंडी जाळी (वेल्डमेश) तारेने बांधून घ्या. डासांची नायलॉन जाळी लावू नका, ती ते एका रात्रीत कातरतात.

दुसरं, जो बाहेर पडतो तो दर वेळी एकच आहे का, हे पाहा. एकच असेल तर त्याच्या पाठीवर, शेपटीजवळ फुंकर मारून केस बाजूला करा. चाव्यांच्या खुणा दिसल्या तर तो दुसऱ्यापासून पळतोय. बुटके हॅमस्टर पिल्लांपासून एकत्र वाढले तर काही काळ नांदतात, पण वयात आल्यावर बिनसलं की पुन्हा जुळत नाही. त्याच दिवशी दोन पेट्या करा. एकाने दुसऱ्याला चाकावरून हुसकावणं, एकाने दिवसभर उघड्यावर झोपणं, हीही तीच लक्षणं.

प्रश्न : नातीने हॅमस्टरसाठी पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू आणला आहे. त्यात घालून सोडलं की तो घरभर धावतो, पळूनही जात नाही. रोज किती वेळ ठेवावा?
— एक आजोबा, ऐरोली

उत्तर : ठेवूच नका, आजोबा. तो धावतो ते बाहेर पडायची वाट शोधत. हॅमस्टरची नजर अधू असते, तो वासावर आणि मिशांवर चालतो, चेंडूत दोन्ही बंद होतात. भिंतीवर आपटतो, फटींत नखं अडकतात, आत हवा कोंडते. नातीला हॉलमध्ये खोक्यांच्या पुठ्ठ्यांचं दीड फूट उंच रिंगण करून द्या. आत करवंटी, टिश्यू पेपरचे रिकामे रोल आणि वाळूचं भांडं ठेवा, आणि तिलाही आत बसू द्या. संध्याकाळी सात-साडेसातनंतर, तो आपणहून उठल्यावरच. दुपारी झोपेतून उचलला तर चावेल.